चामड्याचा पायफास आणि सोवळा नारळ

मित्रांनो, मी एक पायफास आहे. म्हशीच्या कातड्याचा, जुना आणि आता लाकडासारखा कडक झालेला. आमच्या तंजावूरकडचे तमिळ लोक मला तळै म्हणतात. नारळाच्या झाडावर चढणारा माणूस दोन्ही पाय माझ्यात अडकवतो आणि तळवे खोडाला दाबतो. मग मी खोडावर घट्ट रुततो आणि त्याला घसरू देत नाही. एवढेच माझे काम. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा. फक्त हकिकत ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा ठरवा, नाक नक्की कोणाकडे पाहून मुरडायचे.

पापनाशमजवळ एका ओढ्याकाठी चांभाराच्या कुंडात माझा जन्म झाला. जन्म कसला, ती घाणच होती. चुन्याचे पाणी, सालीचा आंबलेला काढा आणि वर घोंघावणाऱ्या माश्या! आठवले तरी शिसारी येते. चांभाराने मला पिळले, तेल पाजले, दुहेरी शिवून माझा वेढा केला. करुप्पन नावाच्या मरमेऱ्याने, म्हणजे झाडांवर चढून पोट भरणाऱ्या माणसाने, मला पायांत घालून पाहिले आणि हसून मान हलवली. तेव्हापासून मी त्याचा झालो.

तंजावूरचे मराठी राज्य नुकतेच खालसा झाले होते. राजवाड्यात राजा उरला नव्हता आणि किल्ल्यावर गोऱ्यांचे निशाण फडकत होते. वाड्यावर मोडी खरडणारे कारकून आता कलेक्टरच्या कचेरीत उभे राहू लागले होते. नारळांना याचे काही सुखदुःख नव्हते. ते पूर्वीसारखेच पिकत, आणि करुप्पन पूर्वीसारखाच चढे. तिरुवैयारुच्या नदीकाठच्या बागा मी पाहिल्या, पण माझे बहुतेक आयुष्य तंजावूरच्या मराठी गल्लीतल्या परसांत गेले. तुमची भाषा मी तिथेच शिकलो.

लोकांना वाटते, झाडाच्या शेंड्यावर छान मोकळी हवा असते. असते की! पण झावळ्यांच्या बेचक्यांत उंदरांची घरटी असतात, त्यांत मेलेली पिल्ले असतात. वटवाघळांची घाण, तांबड्या मुंग्या, खोडाचा मगज खाऊन लठ्ठ झालेल्या पांढऱ्या अळ्या. हे सगळे करुप्पनच्या मानेवर पडे आणि घामाबरोबर ओघळत माझ्यापर्यंत येई. मला पोट नाही म्हणून बरे, नाहीतर रोज ओकलो असतो. तिथूनच तोडलेला नारळ खाली आला की धुऊन देवापुढे जाई. करुप्पन मात्र मागच्या दाराने बाहेर जाई, आणि तो गेला की त्याच्या पावलांवर शेणाचे पाणी शिंपडत. त्याने अंगभर मिठी मारलेल्या झाडाला कधी कोणी विटाळ मानला नाही. झाड नारळ देत होते ना!

पण माझे हाल झाले असे मी म्हणणार नाही. घरी गेल्यावर करुप्पन आधी मला पुशी, एरंडेल चोळी आणि मगच भाताला बसे. त्याची बायको पोन्नायी चिडवी, "या कातड्यावर जीव लावतोस त्याच्या निम्मा माझ्यावर लावला असतास, तर मी सोन्याची झाले असते." यावर तो नुसता हसे. माणूस चांगला होता. फक्त स्तुतीला फार लवकर भुले. "करुप्पासारखा कोणी नाही" एवढे कोणी म्हटले की स्वारी खूश. त्याच्या त्या विरघळलेल्या चेहऱ्याचा मला तेव्हाही राग येई.

आता वेंकटरावाबद्दल सांगतो. हा गल्लीतला बडा ब्राह्मण कारकून. पूर्वी वाड्यावर होता, आता कलेक्टर कचेरीत. कचेरीत जाताना तो काळे कातडी बूट घाली आणि घरी आल्यावर ते गोठ्यामागे पाटीखाली लपवून ठेवी. मी ते बूट अनेकदा पाहिले आहेत. त्यांचे आणि माझे कूळ एकच. पुढे गल्लीत आवई उठली की वेंकटराव दोरैच्या, म्हणजे साहेबाच्या, बंगल्यावर साहेबाच्या हातचा चहा प्याला. खरे-खोटे देव जाणे. पण त्याच्या मुलीचे, सुंदरीचे, लग्न जुळत आले होते आणि कुंभकोणमचे व्याही बिथरले. प्रायश्चित्ताचा होम करा, आम्ही स्वतः येऊन पाहू, तरच पुढची बोलणी, असा निरोप आला. मुलीचे लग्न मोडायची वेळ आली तर कोणताही बाप घाबरेल. तोवर मला त्याची कीवच येत होती.

होमाच्या दिवशी पूर्णाहुतीसाठी परसातल्या झाडाचे नारळ हवे होते. करुप्पन सकाळीच हजर झाला. मी त्याच्या खांद्यावर होतो. वेंकटरावाचे लक्ष माझ्याकडे गेले आणि तो साप दिसल्यासारखा मागे सरला.

"हे कातडं आज झाडाला लागायचं नाही," तो म्हणाला. "पूर्णाहुतीचा नारळ सोवळ्यातच उतरला पाहिजे."

भटजी हळूच म्हणाले, "वेंकटराव, असं शास्त्रात कुठं नाही. सालासकट असलेल्या नारळाला विटाळ नसतो."

"नसू दे. व्याही ओसरीवर बसलेत. त्यांना बोलायला जागा ठेवायची नाही."

मग जो प्रकार झाला, तो सांगतानाही माझी शिवण उसवते. ब्राह्मणाने झाडावर चढायचे नाही, चढणाऱ्याने ब्राह्मणाजवळ यायचे नाही, आणि नारळ तर सोवळा हवा! वेंकटरावाने त्यावर स्वतःच्याच डोक्यातून तोड काढली. करुप्पनच्या अंगावर लांबून घागरी ओतल्या आणि त्याला ओल्यानेच उभे केले. झाडावरही हात पोचेल तितके उंच पाणी मारून खोड धुऊन काढले. आणि माझ्या जागी? वेंकटरावाच्या बापाचा सोवळ्याचा जुना रेशमी कद पाण्यातून काढून पिळला, त्याला गाठ मारली आणि तो वेढा करुप्पनपुढे टाकला. मला कुंपणावर फेकले.

करुप्पनने तो कद चाचपून पाहिला. "सामी, रेशीम झाडाला धरत नाही," तो तमिळमध्ये म्हणाला.

वेंकटराव चार पावले पुढे आला. इतक्या जवळ तो कधी आला नव्हता. "करुप्पा, आज तू आमच्या घरचाच माणूस. तुझ्यासारखा चढणारा सगळ्या तंजावुरात दुसरा आहे का? तुला कशाला लागतं ते कातडं?"

झाले. करुप्पनचा चेहरा विरघळला. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणे किती सोपे असते पाहा! तो हसत होता आणि मी कुंपणावर लोंबकळत मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. अरे वेड्या, आजवर ज्याने तुला पाण्याचा पेला हातात दिला नाही, त्याच्या घरचा तू कधीपासून झालास?

स्वयंपाकघराच्या दारात अंबा उभी होती. ही वेंकटरावाची विधवा मोठी बहीण. सोवळ्याचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे. ती म्हणाली, "वेंकटा, झाड ओलं, रेशीम ओलं. तो पडंल की रे."

"अक्का, तू आत जा. अस्के पाहूलालेत."

सगळे पाहत होते, हे खरेच. ओसरीवर व्याही पाहत होते, शेजारी भिंतीवरून माना काढून पाहत होते. करुप्पन चढला. कसा चढला ते त्यालाच माहीत, केवळ हातांच्या बळावर. वर जाऊन त्याने कोयत्याने घड तोडला, नारळ धपाधप खाली आले, लोक "वा वा" म्हणाले. उतरताना त्याने एक हात सोडून कपाळावरचे पाणी पुसले, आणि त्या क्षणी रेशमाने दगा दिला. वेढा सर्रकन फिरला. करुप्पन खोडाला छाती घासत खाली आला, मग खोडही सुटले, आणि तो झाडाशेजारच्या विहिरीच्या दगडी काठावर कमरेवर आदळला.

मित्रांनो, तो आवाज मी विसरलेलो नाही. पण मला किळस आली ती त्यानंतर.

सगळे जण मागे सरले. हो, मागे! शिवले तर पुन्हा आंघोळ, आंघोळ केली तर मुहूर्त टळणार. करुप्पन "तण्णी, तण्णी" म्हणत पाणी मागत होता. कोणीतरी केळीच्या पानाची पन्हळ करून लांबूनच पाणी सोडले. निम्मे त्याच्या कानात गेले. अंबा पायरी उतरून खाली आली. तिचा हात पुढे झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेवढ्यात वेंकटराव ओरडला, "अक्का! नैवेद्य तुझ्या हातचा. शिवलीस तर अस्कं वाया गेलं. सुंदरीचं लग्न मोडंल!"

अंबाचा हात थांबला. ती तिथेच उभी राहिली, मग पायरी चढून परत वर गेली.

पोन्नायीला बोलावणे धाडले आणि होम सुरू झाला. रक्त उडालेला एक नारळ फेकून दिला, बाकीचे हळदीच्या पाण्याने धुऊन घेतले. तुपाचा वास माझ्यापर्यंत येत होता. चांभाराच्या कुंडातली घाण मी सोसली, उंदरांची कुजलेली पिल्ले सोसली, पण त्या तुपाच्या वासाने मला जेवढी शिसारी आली तेवढी कशानेच आली नाही. 'स्वाहा' म्हणणाऱ्यांना करुप्पनचे कण्हणे ऐकू येत होते. म्हणून भटजींना आवाज चढवायला सांगितले. पोन्नायी भावाला आणि शेजाऱ्यांना घेऊन आली, त्यांनी त्याला फळीवर घातले आणि मागच्या दाराने नेले. त्यांच्या पाठोपाठ शेणाचे पाणी पडले.

संध्याकाळी व्याही जेवून तृप्त होऊन गेल्यावर अंबा एकटी कुंपणाशी आली. तिने मला उचलले. उघड्या हातांनी, कातड्याला! गल्लीतले लोक बघत असताना ती मला घेऊन मरमेऱ्यांच्या वस्तीपर्यंत चालत गेली. तिच्या हातचे अन्न सगळ्यांनी हादडले होते. ती मात्र दिवसभर उपाशी होती. झोपडीच्या दारात तिने मला पोन्नायीपुढे धरले. आत करुप्पन कण्हत होता.

"हे तुझ्या नवऱ्याचं," अंबा तमिळमध्ये म्हणाली. "मी हात लावून आणलं."

पोन्नायीने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. "हात सकाळी लावायचा होता, अम्मा. आता त्याचं काय करू?"

मला उंबऱ्यावर ठेवून अंबा निघून गेली.

करुप्पन जगला, पण कमरेखालचे अंग गेले. सुंदरीचे लग्न थाटात झाले. पुढच्या हंगामात वेंकटरावाच्या परसातले नारळ उतरवायला पोन्नायीचा भाऊ गेला आणि जाताना मलाच घेऊन गेला. तेच झाड, तेच परस आणि तोच मी. वेंकटराव पायांत बूट घालून उभा होता. त्याने मला नीट पाहिले. आता ओरडेल, या आशेने मी वाट पाहिली. ओरडला असता तर निदान त्याचा काही धर्म होता असे तरी म्हणता आले असते. पण तो म्हणाला, "लवकर आटप रे, कचेरीला उशीर होतो."

म्हणजे करुप्पनची कंबर मोडली ती एका सकाळच्या देखाव्यासाठी! थू!

आता मी चढत नाही. करुप्पनच्या झोपडीत खुंटीवर असतो. तो दारात बसून अजूनही मला एरंडेल चोळतो, सवयीने. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी म्हणायला हवे. पण कातड्याला तेल नाही मिळाले तर फार तर तडा जातो, त्याचे एवढे काही नाही. तुम्ही एवढेच करा, की कोणी पडला तर आधी हात लावा. आंघोळ मागून करा. कावेरीला पाणी कमी नाही.