रजेवरच्या बाई

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं. पलीकडचा माणूस रोज सव्वाचारला फोन करी, सीमेवरचं फाटक बंद झाल्यावर, दिवसभराच्या माणसांचा आकडा जुळवून घ्यायला. अकरा वर्षांत त्याने भर दुपारी कधी फोन केला नव्हता.

“पलीकडून बोलतोय,” तो म्हणाला. दोघांनी एकमेकांना नावं कधी विचारली नव्हती, तसा नियमच होता. “तुमचा एकेचाळीस नंबरचा कागद माझ्यासमोर आहे. त्याच्यावर शिक्का आहे.”

“कसला शिक्का?”

“गोल.”

बाई खुर्चीत सरळ झाल्या.

त्यांच्या संपर्क मंडळाकडे गोल शिक्का नव्हता. चौकोनीही नव्हता. अलीकडचं सरकार पलीकडच्या सरकारला मानत नव्हतं, पलीकडचं अलीकडच्याला. पण माणसांचे भाऊ, बहिणी, आजारपणं आणि मयती दोन्हीकडे होत्या. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक मंडळ काढलं होतं. कागदोपत्री ती खाजगी संस्था, एखाद्या वाचनालयासारखी. मंडळ देई तो परवाना म्हणजे एक सुटा पांढरा कागद. नंबर, नाव, फोटो, खाली बाईंची लहान सही, आणि तिच्याशेजारी पलीकडच्याची. देशाचं नाव नाही, झेंडा नाही, शिक्का नाही. शिक्क्याचा कागद स्वीकारला की शिक्का मारणारं सरकार मान्य केलं, असा त्याचा अर्थ होई.

याच हिशेबाने बाईही मंडळाच्या नोकरीत नव्हत्या. परराष्ट्र खात्याच्या सेवापुस्तकात त्या एकोणीस वर्षं बिनपगारी रजेवर होत्या. ऑफिसात त्यांना ‘रजेवरच्या बाई’ म्हणत. एवढी लांब रजा घेतली आणि एक दिवस घरी नाही, हा त्यांच्या नवऱ्याचा ठरलेला विनोद. निवृत्तीला तीन महिने उरले होते. ही एकोणीस वर्षं पेन्शनसाठी नोकरीत धरायला खातं अखेर तयार झालं होतं, पण एका अटीवर: कामात एकही डाग नको. ती फाइल संचालकसाहेबांच्या टेबलावर शिफारशीसाठी पडून होती.

पलीकडच्याने भराभर सांगितलं. कागदाची आवक नोंद त्याने अजून केलेली नाही. त्याचे वरिष्ठ जेवायला गेलेत, तीनला येतील. त्यांनी शिक्का पाहिला की कागद वर जाणार. वरून काय येईल ते दोघांनाही माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी एक गाडी बोटभर झेंडा बॉनेटवर लावून चुकून फाटकापर्यंत आली होती, तर फाटक चौदा महिने बंद राहिलं.

एकेचाळीस नंबर म्हणजे ती मुलगी, जी सकाळपासून फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पिशवी घेऊन बसली होती. तिचा भाऊ पलीकडच्या इस्पितळात होता आणि उद्या सकाळी हिची किडनी त्याला बसवायची होती. फाटक चारला बंद झालं की थेट सोमवारी उघडणार. सोमवारपर्यंत थांबण्यासारखी त्याची अवस्था नाही, असं डॉक्टरांनी पत्रात लिहिलं होतं. ते पत्र बाईंनीच फाइलला लावलं होतं.

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

साहेबांना या खुर्चीत येऊन अकरा दिवस झाले होते. काल संध्याकाळी बाई घरी गेल्यावर मुलगी पुन्हा आली होती. जुन्या सरकारी ऑफिसातून सामानाबरोबर आलेला शिक्का साहेबांच्या खणात होता. त्यांनी तो मारला, कागद सकाळी पलीकडे जाणाऱ्या पाकिटात घातला आणि पाकीट बंद केलं.

“रडत होती हो ती,” ते म्हणाले. “म्हणाली, असल्या साध्या कागदावर मला कोण आत घेणार? मला वाटलं, जरा पक्कं करून द्यावं.”

चूक आपली होती असं खात्याला कळवतो, असंही ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. कळवलं की शिक्क्याची बातमी झाली.

“शिक्का उमटलाच नाही, असं झालं पाहिजे. एकेचाळीस पलीकडे गेलाच नाही. माझ्याकडून हरवला. हरवलेल्याच्या जागी नवा देता येतो.”

साहेबांची नजर टेबलावरच्या फाइलकडे गेली. “बाई, परवाना हरवला तर मला चौकशी लावावी लागते. मग या फाइलवर मी काय लिहू?”

“जे लिहावं लागतं ते लिहा.”

दुसरा काही मार्ग निघतो का, असं ते पुटपुटले. बाईंनी अडीच वाजल्याचं सांगितलं.

जागेवर येऊन त्यांनी पलीकडे फोन लावला.

“पाकिटाच्या यादीत दहा कागद लिहिलेत,” तो म्हणाला.

“नऊ होते. मोजताना माझी चूक झाली.”

बाईंच्या बिनचूक याद्या तपासायचा पगार आपल्याला फुकट मिळतो, असं तो एकदा चिडवून म्हणाला होता. तेवढंच काय ते त्याचं अवांतर बोलणं.

“तुम्ही चुकलात, असं मी लिहायचं?”

“लिहा.”

“नऊच आले,” तो सावकाश म्हणाला. मग म्हणाला, “नव्या कागदाला फोटो?”

“तिच्याकडे दुसरा नाही. जुन्यावरचा सुटतो का बघा.”

“शिक्का फोटोवरही आलाय. कोपऱ्यावर.”

“मग तुम्हीच बघा आता.”

बेचाळीस नंबरचा कागद लिहायला चार मिनिटं लागली. ड्रायव्हर तो घेऊन पावणेतीनला निघाला. फाटक दहा मिनिटांवर होतं.

बाईंनी रजिस्टर काढलं. शेवटच्या पानावर ‘हरवलेले परवाने’ असं शीर्षक होतं. दर जानेवारीत त्या ते पान पट्टीने आखत आणि डिसेंबरात कोरंच बंद करत. त्यांनी नंबर लिहिला, तारीख लिहिली. कारण: निष्काळजीपणा. कोणाचा: माझा. खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

तीन वाजले. साडेतीन वाजले. फोन आला नाही, आणि इकडून करणं बरं नव्हतं, कारण आता त्याचे वरिष्ठ खोलीत असणार. साहेब दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. बाईंचा डबा सकाळपासून तसाच होता. चार वाजले. फाटक बंद झालं असणार.

सव्वाचारला, रोजच्या वेळेला, फोन वाजला.

“पलीकडून बोलतोय. आज आलेले दहा, परत गेलेले सात.”

“दहा?”

“दहा.”

त्याने फोन ठेवला नाही. पाठीमागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, जेवलात का?”

“जेवते आता,” बाई म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी फाइल खाली आली. एकच ओळ होती: शिफारस करता येत नाही. शिपायाकडे न देता साहेब ती स्वतः घेऊन आले, आणि टेबलाशी उभे राहिले. बाईंनी ओळ वाचली, तारीख घातली आणि आवक नंबर टाकला.

मुलगी परतली ती महिन्याने. एक हात कुशीवर धरून खिडकीशी आली. भाऊ आता बसून खातो, खायला दिलेल्याला नावंही ठेवतो, असं तिने सांगितलं. परवाना परत द्यायचा असतो, म्हणून तिने तो खिडकीतून आत सरकवला.

“बाई, एक विचारू? माझ्या फोटोचा कोपरा कुणी कापला?”

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. कोपरा पट्टी लावून कापला होता, केसाइतकाही वाकडा नाही. कापलेली कड खाली दाबून पुन्हा चिकटवलेली होती.

“मापात बसत नव्हता,” त्या म्हणाल्या, आणि बेचाळीससमोर ‘परत’ असं लिहिलं.