कंपाउंडच्या भिंतीतली अकरा भोकं

नगराध्यक्षांच्या घरावर पोलिसांनी अमली पदार्थांसाठी छापा घातला. त्यात नगराध्यक्ष, त्यांचे नगरसेवक बंधू आणि आणखी सातजण मेले. आतून आधी गोळीबार झाला, असं पोलीस म्हणाले. झोपेतल्या माणसांनी केला का, असं नगराध्यक्षांच्या कन्येनं विचारलं. रस्त्यावरचे कॅमेरे नेमके त्याच पहाटे दुरुस्तीला गेले होते. एका वर्तमानपत्रानं चकमक छापली, दुसऱ्यानं कत्तल. फोटो मात्र दोघांनी एकच वापरला.

यादीत नववं नाव होतं नगराध्यक्षांच्या स्वयंपाकीणबाईंचं. पुढे शेरा : सशस्त्र साथीदार. कारण पावडरच्या पुड्या म्हणे तिच्या पिठाच्या डब्यात सापडल्या. ओला हात घातला म्हणून खुद्द नगराध्यक्षांना तिनं ज्या डब्यावरून झापलं होतं, त्याच डब्यात.

तिचा धाकटा भाऊ नगरपालिकेत गवंडी होता. त्याची भिंत इतकी सरळ उठायची, की सगळे त्याला ओळंबा म्हणत. ताईची मुलगी आता त्याच्याकडे राहत होती. शाळेत तिच्या शेजारी कुणी बसेना. रोज संध्याकाळी ती एकच विचारी, "मामा, आईचं नाव यादीतून कधी काढणार?"

चौकशी समिती येण्याच्या आदल्या दिवशी बांधकाम खात्याच्या इंजिनिअरनं ओळंब्याला त्या घरी बोलावलं. दिवाणखान्याच्या भिंतींची चाळण झाली होती. ओळंब्यानं पोतं उतरवलं आणि सिमेंट कालवायला पाणी शोधू लागला.

"बुजवायची नाहीत रे बाबा," इंजिनिअर म्हणाला. "पाडायची आहेत. समोर, कंपाउंडच्या भिंतीत. आतून गोळीबार झाला ना? मग बाहेर एखादी तरी खूण नको? गेल्या साली तू गिलावा केलास, साधा ओरखडा नाही. इतकं चांगलं काम करायला तुला सांगितलं कुणी?"

"आणि गोळ्या?"

"त्या पोलीस खात्याच्या. आपल्याकडे फक्त भोकं."

ओळंबा जागचा हलेना. इंजिनिअरनं आवाज खाली आणला. "तुझ्या ताईला साथीदारांतून काढून निष्पापांत टाकतो म्हणालेत. शब्द दिलाय. पाड कुठेही दहा-अकरा."

दिवाणखान्यातले प्लग गोळ्यांनी फुटले होते. चालू होता फक्त स्वयंपाकघरातला. ओट्यावरच्या खुंटीला ताईचा हात पुसायचा फडका तसाच लटकत होता. फळीवर डब्याच्या बुडाचा गोल डाग होता; डबा पुरावा म्हणून गेला होता. ओळंब्यानं प्लग लावला, वायर खिडकीतून बाहेर काढली आणि ड्रिल मशीन पोचलं तिथे अकरा भोकं पाडली. छिन्नीनं त्यांच्या कडा उडवल्या. जन्मात पहिल्यांदा तो मुद्दाम वाईट काम करत होता. ते उत्तम जमलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, कडक आणि पद्धतशीर. भिंत पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"दोरी आहे का कुणाकडे?"

दोरी अर्थात ओळंब्याकडेच होती. त्यानंच एक टोक भोकावर धरलं. पोलीस अधिकारी दुसरं टोक घेऊन समोर सरळ चालत गेला आणि खिडकीशी थांबला. दुसरं भोक, तीच खिडकी. तिसरं, तीच.

"ही खोली कसली?"

"स्वयंपाकघर, सर."

"तिथे कोण होतं?"

कारकुनानं यादी उलगडली. "स्वयंपाकीण, सर. एकटीच."

ओळंब्याच्या हातून दोरी सुटली. "साहेब, ती भोकं माझी आहेत! काल मी पाडलीत, मशीननं."

अध्यक्षांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही मयताचे कोण?"

"भाऊ."

"साहजिक आहे," ते हळुवारपणे म्हणाले आणि कारकुनाकडे वळले. "लिहा : भावानं दोष स्वतःवर घेण्याचा प्रयत्न केला." मग पुन्हा ओळंब्याला, "दोरी उचला. अजून आठ राहिलीत."

त्यानं उचलली. अकराही धरली. पहिली गोळी स्वयंपाकघरातून सुटली, असं कारकुनानं लिहून घेतलं.

गाड्या गेल्यावर इंजिनिअर कपाळाला हात लावून उभा होता. "एवढी लांबलचक भिंत पडली होती. नेमकं तिथंच सुचलं तुला?"

"वायर पुरत नव्हती साहेब."

"मग मागायचं ना! स्टोअरमध्ये एक्स्टेंशन बोर्ड धूळ खात पडलाय." मग त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "बरं, आता बुजवून टाक. फोटो झालेत."

ओळंब्यानं बुजवली. वरून असा हात फिरवला, की भोकं कुठं होती ते उद्या त्यालाही दाखवता आलं नसतं.

संध्याकाळी भाची दारातच उभी होती. "मामा, काढलं?"

"क्रमांक बदलला," तो म्हणाला. "नववी होती, आता पहिली."

वर्गातल्या नंबरासारखं काही असावं असं वाटून ती क्षणभर हसली. मग त्याचं तोंड पाहून आत गेली.

ओळंब्यानं पिशवीतून ड्रिलची वायर काढली आणि उंबऱ्यावर बसून हातांनी मोजली. सहा हात. त्यानं पुन्हा मोजली. सहाच.