पायपेटीवरची शेवटची ओळ

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे भोंगाच म्हणत. पाळकांनी सुरुवातीला खऱ्या नावाने हाक मारून पाहिली, पण तो ओ देईना. ज्या नावाने वीस-बावीस वर्षं पोस्टरं छापली गेली, ज्या नावाने दोन-चार हॉटेलांनी हाकलूनही दिलं, ते नाव बाप्तिस्म्याच्या पाण्यात एका बुडीत कसं जाणार? बाकी बरंच गेलं होतं. दारू गेली, शिव्या गेल्या, कानातली बाळी गेली. डाव्या कानाने ऐकणं तर त्याआधीच गेलं होतं, पण त्याचं श्रेय प्रभूला नव्हे, स्टेजवरच्या स्पीकरांना.

ज्या चर्चमधून सतराव्या वर्षी तो पाय आपटत निघून गेला होता, तिथेच परत आला, तोही भक्तीपोटी नाही, पोटापाण्यासाठी. त्याचा रॉक बँड फुटून चार वर्षं झाली होती. भोंगा लग्नाच्या हॉलमध्ये साउंड सांभाळायचा. नव्या पाळकांचा फोन आला, आमचा माइक दर रविवारी किंचाळतो, जरा बघून जा. तो आला, माइक ठीक केला आणि मागे मिक्सरवर बसला. आता उपदेश सुरू झाला की मंडळीतल्या भल्याभल्यांना पेंग येते, पण मिक्सरवाल्याला डोळा मिटून चालत नाही. पाळक कधी आवाज चढवतील याचा नेम नसतो. त्यामुळे भोंग्याने नाइलाजाने शब्द न् शब्द ऐकला. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी भर उपदेशात माइक पुन्हा किंचाळला. लोकांनी वैतागून मागे पाहिलं, तर भोंगा मिक्सरवर डोकं टेकून रडत होता.

तिसऱ्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईने मात्र मागे पाहिलं नाही. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

पुढे तो मंडळीची स्तुतिगीतं बसवू लागला. गिटार तीच, आवाज अर्ध्यावर. प्रभूने आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायलाही कुठे बोलावलं की एका पायावर तयार. आणि साक्षीत तो काही हातचं राखत नसे. बाटल्या किती फोडल्या, ड्रमरचं नाक कसं फोडलं, सगळं रंगवून सांगायचा. खरं सांगायचं तर जरा जास्तच रंगवायचा. स्टेज बदललं तरी स्टेजची सवय कुठे सुटते? त्यात एक हमखास हशा पिकवणारी गोष्ट होती, त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची. 'वरचा म्हातारा बहिरा' असं त्याचं नाव होतं. देवाची टर उडवणारं ते गाणं एके काळी रिक्षापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजायचं.

"आणि चाल कोणाची?" भोंगा हात पसरून विचारायचा. "माझ्या आईची! तिचीच ढापली होती, फक्त पळवून पळवून वाजवली!"

लोक हसायचे. आई तेव्हाही चष्मा पुसायची.

ती चाल तिने वडील दवाखान्यात होते त्या वर्षी बांधली होती. तिला शब्द नव्हते. तीस वर्षं ती चर्चची पायपेटी वाजवत होती, आणि प्रभुभोजनाला लोक एकेक करून भाकर घ्यायला पुढे येत तेव्हा ती ही चाल वाजवायची. अगदी संथ, रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या पावलाने. कागदावर कधी उतरवली नाही. बोटांत आहे तोवर कागद कशाला, असं म्हणायची. मग सांधे धरले आणि तिने वाजवणं सोडलं, एवढंच भोंग्याला माहीत होतं.

मंडळीच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दुपारी तो आणि त्याची ताई चर्चमध्ये पायपेटी पुसत होते. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या त्या पेटीत कोळ्यांनी संसार थाटले होते.

"आईचे सांधे धड असते तर उद्या तिनेच वाजवलं असतं," भोंगा म्हणाला.

ताईने हातातलं फडकं खाली ठेवलं. "सांधे? या हिवाळ्यात तिने तीन स्वेटर विणले. एक तुझ्याच अंगावर आहे."

भोंग्याने स्वेटरकडे पाहिलं.

"तुझं गाणं गाजलं ना, त्या वर्षीची गोष्ट," ताई म्हणाली. "प्रभुभोजनाला तिने ती चाल सुरू केली आणि मागच्या पोरांनी बाक बडवायला घेतले. दोन थापा, एक टाळी. तुझाच ठेका. लोक हातात भाकर घेऊन उभे, आणि रांगेत कुणाला तरी हसू फुटलं. आईने चाल अर्ध्यात सोडली, झाकण लावलं. तेव्हापासून तिची बोटं आखडली."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"कुठे सांगायचं? पोस्टरवर?"

त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली होती. भोंग्याने डोक्यात हिशोब केला आणि त्याला आपल्या साक्षी आठवल्या, एकूण एक. दर वेळी हशा, दर वेळी तो चष्मा. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पेटीचं झाकण धरून तो तसाच उभा राहिला. नाक फोडलेल्या ड्रमरची त्याने घरी जाऊन माफी मागितली होती. आईची मागायची राहूनच गेली, कारण इथे काही फुटलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तो थेट घरी गेला. आई वाटाणे सोलत होती. तो समोर बसला आणि म्हणाला, "आई, मला माफ कर. त्या चालीबद्दल."

"केव्हाच केलं," आई म्हणाली. "शेंगा घे, सोल."

"मग उद्या वाजवशील?"

"तू वाजव. मी ऐकते."

तिची चाल तिला परत करायची, ठेक्याचा डाग न लागता, एवढं एकच त्याच्या मनाने घेतलं. साक्ष नाही, भाषण नाही. संध्याकाळपर्यंत तो पेटीवर बसून राहिला. पायपेटीला भाता पायाने द्यावा लागतो. डावा, उजवा, डावा, उजवा, चालल्यासारखा. पाय सारखा पडला तरच हवा सारखी, आणि हवा सारखी तरच सूर सरळ. ज्याने उभा जन्म स्टेजवर पाय आपटण्यात घालवला त्याच्यासाठी हे गिटारपेक्षा अवघड होतं. पण जमलं. शेवटची ओळ तेवढी त्याने घोकली नाही. ती आपोआप येईल असं त्याला वाटलं.

रविवारी पाळकांनी भाकर मोडली, रांग उभी राहिली. भोंग्याने गिटारवाल्याला आणि ड्रमवाल्याला खाली बसवलं होतं. एकटा पेटीशी गेला आणि चाल सुरू केली.

पहिल्या दोन ओळी अशा संथ निघाल्या की जुन्या माणसांनी माना वर केल्या. मागच्या बाकांवर कुणी थाप मारली नाही. तेव्हाच्या त्या पोरांना आता टक्कल पडलं होतं आणि मांडीवर स्वतःची पोरं होती. त्यांची गरजच पडली नाही. तिसऱ्या ओळीला भोंग्याचा उजवा पाय आपोआप पडायला लागला. दोनदा जोरात, मग थांबून एकदा. भाता धक्के खाऊ लागला, सूर उसळू लागले आणि आईच्या चालीतून तोच ठेका वाजू लागला. त्याला स्वतःला ते कळलंही नाही. कळलं ते आई बाकावरून उठली तेव्हा.

ती हळूहळू चालत आली, पेटीसमोरच्या बाकड्यावर त्याच्या उजव्या बाजूला टेकली आणि त्याच्या गुडघ्यावर तळवा ठेवला. लहानपणी प्रार्थनेत तो पाय हलवायचा तेव्हा ती असाच ठेवायची. पाय निवला. चाल पुन्हा संथ झाली आणि शेवटच्या ओळीशी येऊन पोचली.

तिथे त्याची बोटं थांबली.

त्या जागी बँडमध्ये सगळे मिळून ओरडायचे, 'बहिरा!', आणि गिटार वर चढायची. बोटांना तेवढंच येत होतं. त्याच्या आधी, त्याने हात लावण्याआधी, तिथे काय होतं? त्याने आईकडे पाहिलं.

आईने गुडघ्यावरचा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. दोन सूर तिचे आले, तिसरा त्या ओरडण्याच्या जागी चढला. तिने हात काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा तिथेच चढला. रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंनी मदतीला गुणगुणून पाहिलं, ताईनेही पाहिलं. सगळ्यांचे गळे त्याच जागी वर गेले आणि एकेक करून गप्प झाले. पाळक हातात भाकर धरून उभे राहिले.

"आई, पुढे काय होतं?"

आईने पट्ट्यांवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"नाही रे आठवत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मलासुद्धा आता तुझंच आठवतं."

ती त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली होती, त्यामुळे त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.