दोघांपुरती गाडी

चष्मेवाल्याला गाडी परवडत होती, हीच तर खरी अडचण होती.

परवडत नसती तर प्रश्नच मिटला असता. माणूस काचेला नाक लावतो, उसासा टाकतो आणि घरी येऊन मुकाट जेवतो. आजवर त्यानं तेच केलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी चष्मा पोचवायला गेला होता. त्या म्हाताऱ्यानं त्याला आपल्या दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या गाडीत बसवून नदीपर्यंत फिरवून आणलं. त्या अर्ध्या तासात पोराचं डोकं जे फिरलं, ते पुढं चाळीस वर्षं फिरलेलंच राहिलं. प्रत्यक्षात गाड्या घेतल्या त्या मात्र सगळ्या शहाण्यासारख्या. मागं तिघं मावतील, डिकीत गादीची वळकटी मावेल, लेकीला शाळेत सोडता येईल अशा. लेक मोठी झाली, लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडं राहायला गेली, तरी गाडी शहाणीच राहिली.

आणि आता, याच महिन्यात, एका कंपनीनं ती गाडी बाजारात आणली. ठेंगणी, पिवळी, दोघांपुरती, टप मागं सरकणारी; आणि किंमत म्हणाल तर चारचौघांच्या साध्या गाडीएवढी. तिचं माहितीपत्रक घेऊन मेहुणा धापा टाकत दुकानात आला.

"भाऊजी, आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन! पळतेही आणि परवडतेही. आता कसली वाट बघताय?"

चष्मेवाला हसला. पण त्या हसण्यामागचं मेहुण्याला कसं दिसणार?

चार महिन्यांपूर्वी तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेला होता. तीस वर्षं आपली अडलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवली, तेव्हा एकदा आपणही तपासून घ्यावं, इतकाच विचार. डॉक्टरांनी त्याला त्या गोल भांड्यासारख्या मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडं बघायचं आणि कडेला कुठंही उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तो बटण धरून बसला. मधे इतका वेळ काहीच लुकलुकलं नाही, की त्याला वाटलं मशीन बंद पडलं. मशीन चालू होतं.

"डोळ्यांतला दाब वाढलाय. नस सुकत आलीय," डॉक्टर म्हणाले. "गेलं ते परत यायचं नाही. उरलंय ते थेंबांनी टिकतं का बघू. आणि हो, गाडी चालवणं आजपासून बंद."

"बंद," तो म्हणाला, आणि गाडी चालवत घरी आला.

समोरचं त्याला लख्ख दिसायचं. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ तो अजूनही घडाघडा वाचायचा. बाजूचं तेवढं गेलं होतं. बाजूला अंधार असता तर निदान तो तरी दिसला असता. बाजूला काहीच नव्हतं, आणि काहीच नसणं माणसाच्या लक्षात येत नाही. लक्षात यायचं ते दाराची चौकट खांद्याला लागल्यावर, किंवा पाण्याचा पेला कलंडल्यावर. "वेंधळे झालात हो तुम्ही हल्ली," बायको म्हणायची आणि फडकं आणायची. एकतीस वर्षं ती त्याच दुकानात गल्ल्याशी बसून लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायकोला सांगायचं तो रोज ठरवायचा. पण दुकानात त्यानं काय कमी पाहिलं होतं? 'बाबांना आता दिसत नाही' असं मुलानं एकदा म्हटलं, की त्या घडीपासून सगळे म्हाताऱ्याच्या डोक्यावरून बोलायला लागतात. "यांना कुठली फ्रेम देऊ?" तोंड म्हाताऱ्याला असतं, कान असतात, पण विचारायचं मुलाला. त्यानं स्वतः शंभरदा तसंच विचारलं होतं. आणि दर गुरुवारी सहा वर्षांच्या नातीला पोहण्याच्या वर्गाहून आणायचं काम त्याचं होतं. ओल्या केसांनी ती मागं बसायची आणि वाटभर त्याला कोडी घालायची. तेवढं एक सुटलं तर आठवड्यात उरतं काय, हे त्याला कळत नव्हतं. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती.

बायकोला दिसत होता तो फक्त त्याचा उतरलेला चेहरा. तिनं आपल्या परीनं रोगाचं निदान केलं: या माणसानं जन्मात स्वतःसाठी काही घेतलं नाही, ते आता आतून खातंय. मग ती हात धुऊन त्याच्या मागं लागली.

"घेऊन टाका ना अहो ती पिवळी!"

"सामान कुठं ठेवायचं?"

"दोघांचं सामान ते असून असून किती?"

"आणि नात?"

"तिच्यासाठी जुनी आहे की."

"इतक्या खाली बसायचं म्हणजे कंबर..."

"कंबर माझी दुखते. तुमची कधी दुखली?"

एकेक सबब अशी हातातून गेली. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे खरंच. पण इथं दात पडल्याचा पत्ताच तिला नव्हता. ती बिचारी मूठभर चणे पुढं धरून उभी होती. आता एक तर गाडी घ्यायची, नाही तर खरं बोलायचं. तिसरी वाट उरली नव्हती.

रविवारी सकाळी दोघं गाडीच्या दुकानात गेले. विकणारी मुलगी तरतरीत होती. तिनं आधी चष्मेवाल्याला शेजारी बसवून एक चक्कर मारली, मग त्याचा परवाना आणि जुन्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवून घेतली आणि म्हणाली, "आता मॅडमना बसवा. सरळ रस्त्यानं जा, चौकातून वळून या. घाई करू नका."

'नको' म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण बायको आत बसूनसुद्धा गेली होती. केसांना रुमाल बांधत होती. कोवळ्या मुलीसारखी दिसत होती. त्यानं किल्ली घेतली.

पहिली दहा मिनिटं, खोटं कशाला सांगा, तो सुखात होता. गिअर लोण्यासारखा पडत होता. रस्ता रुंद, सुट्टीचा, रिकामा. समोर जे काही होतं ते सगळं त्याला दिसत होतं, आणि समोरचं इतकं सुंदर होतं की बाजूची आठवणच राहिली नाही. बायको हसत होती. "अहो, किती वर्षं वाया घालवलीत!" ती वाऱ्यात ओरडली. त्यानं पाय आणखी दाबला.

"अहो!"

ही हाक वेगळी होती. त्यानं करकचून ब्रेक मारला. गाडीच्या नाकापुढं, हातभर अंतरावर, एक सायकलवाला टपाल वाटणारा एक पाय जमिनीवर टेकून उभा होता. त्याची पिशवी रस्त्यावर पडली होती. तो कुठून आला? बायकोच्या बाजूच्या गल्लीतून, सावकाश, घंटी वाजवत आला होता. तिनं त्याला केव्हाच पाहिलं होतं आणि नवऱ्यानंही पाहिलं असणार म्हणून गप्प बसली होती.

"डोळे फुटले का हो तुमचे?" सायकलवाला ओरडला.

"तोंड सांभाळून बोला!" बायको सीटवर अर्धी उभी राहिली. "डोळ्यांचंच दुकान आहे आमचं!"

सायकलवाल्यानं पिशवी उचलली, हात जोडले आणि तो निघून गेला. चष्मेवाल्यानं गाडी कडेला घेतली. बायको आपली बाजू मांडून झाल्यासारखी रुमाल नीट करत होती. करता करता तिचा हात थांबला. चौकटी, पेले, परवा जिन्यात लागलेला गुडघा, हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं असावं.

"समोर बघा," ती म्हणाली. अगदी हळू. "समोरच बघायचं. माझ्या या हाताची बोटं किती?"

हे तिनं हजारदा पाहिलं होतं. कुणी म्हातारं माणूस आलं की तो गुडघ्याला गुडघा लावून बसायचा, 'माझ्या नाकाकडं बघा' म्हणायचा आणि आपला हात हळूच बाजूला न्यायचा. पहिल्यांदा नेहमी दोनच बोटं दाखवायचा. हाताला लागलेली सवय.

"दोन," तो म्हणाला.

त्यानं मान वळवली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"कधीपासून?"

"कळून चार महिने झाले."

"डॉक्टरांनी गाडीचं काय सांगितलं?"

"चालवू नका म्हणाले."

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिन्यांत गुरुवार किती येतात हो?"

आता त्याला कळलं ती कुठं निघालीय ते. "मी हळू चालवायचो," तो म्हणाला. "रस्ता ठरलेला, दिवसाउजेडी..."

"किती येतात?"

"सतरा."

"सतरा वेळा तिला मागं बसवून आणलंत." तिचा आवाज चढला नाही, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली. "मला सांगितलं असतंत तर मी काय टाकून देणार होते तुम्हाला? एकतीस वर्षं शेजारी बसलेय. शेजारी!"

"तू माझ्या डोक्यावरून बोलायला लागली असतीस," तो म्हणाला. मनात होतं तेव्हा ते केवढं मोठं वाटायचं. बाहेर पडल्यावर अगदीच कोतं ठरलं.

"किल्ली काढा," ती म्हणाली.

त्यानं काढली.

"दोन किलोमीटर तर आहे, हळूहळू नेतो की..."

"नाही. त्या मुलीला फोन करा."

त्यानं फोन लावला. कुठं आहात, असं मुलीनं विचारलं. रस्त्यापलीकडच्या इमारतीवर एक पाटी होती. त्यानं इतक्या लांबून तिच्यावरची बारीक अक्षरं, खालचा पत्ता, त्याच्याही खालचा फोन नंबर, सगळं न अडखळता वाचून दाखवलं. फोन ठेवला तेव्हा बायको दार उघडून खाली उतरली होती.

"ती आली की तिच्याबरोबर या. तिसऱ्याला यात जागा नाही. मी चालत जाते."

ती गेली. दहा पावलं त्याला दिसली, मग रस्त्याच्या कडेला सरली तशी नाहीशी झाली. मान वळवून शोधायची हिंमत त्याला झाली नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी मुलीला स्कूटरवरून आणून सोडलं. तिनं ना काही विचारलं, ना तोंड वाकडं केलं. टायर ठीक, दिवे ठीक, एवढं बघून ती चालवायला बसली. तो शेजारच्या सीटवर सरकला.

"आवडली ना, सर?"

"फार."

"मग? पिवळ्या रंगाच्या दोनच उरल्यात. नाव लिहून घेऊ?"

'बायकोला विचारून सांगतो' हे उत्तर जिभेवर तयार होतं. दुकानात रोज दहा गिऱ्हाइकं ते देतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. गाडी सिग्नलला थांबली. समोरचा लाल दिवा त्याला स्पष्ट दिसत होता.

"सर," मुलगी एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम."

"कुठं?"

"या काय, तुमच्या शेजारीच. फुटपाथच्या कडेला उभ्या आहेत. तुमच्याकडंच बघताहेत." ती अडखळली. "सर, रडताहेत त्या."

त्यानं मान वळवायला घेतली आणि थांबवली. एकतीस वर्षांत तो बायकोला उघडपणे रडताना कधी दिसला नव्हता की ती त्याला दिसली नव्हती. दुःख झालं की ती आतल्या खोलीत जायची, नळ सोडायची, चेहरा पुसून बाहेर यायची. आज ती भर रस्त्यात, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, त्याच्याकडं तोंड करून रडत होती. लपायची तिला आता गरज उरली नव्हती. तिला पक्कं ठाऊक होतं, की त्याला ती दिसत नाही.

तो लाल दिव्याकडं बघत राहिला. मान ताठ धरून, हात मांडीवर ठेवून, तिला हवं तेवढं रडू देत. दिवा हिरवा झाला तरी मुलीनं गाडी हलवली नाही.

"चला," तो म्हणाला. "आणि नाव लिहू नका. मला बाजूचं दिसत नाही."