सुऱ्याचं पाणी

रुचिताने सुऱ्याची धार नारळाच्या दोरावर टेकवली आणि एकदाच मागे ओढली. दोराचे दोन तुकडे झाले. ती म्हणाली, "शंभर."

शेजारी पोत्यावर बसलेल्या तिच्या वडिलांनी, केशवरावांनी, मान हलवली. काचबिंदूने त्यांची नजर बरीचशी गेली होती, पण धार सरकते आहे की अडखळते आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं. पहिल्या कापापासून शंभराव्यापर्यंत आवाज तोच होता.

अड्याळच्या त्या भट्टीवर आता रुचिताच घण उचलत होती. तिचे विळे, कुऱ्हाडी वर्षभर विकल्या जात होत्या. सुरा मात्र वडिलांनी पारखल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हा घरचा नियम. तिचे आधीचे दोन सुरे केशवरावांनी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून वाकवायला घेतले, तेव्हा ते काडकन मोडले होते. हा तिसरा.

सुरा मागणारा भैय्यालाल मोहाडीकडचा शेतकरी. सकाळीच येऊन बसला होता. त्याच्या आज्याकडे शिकारीचा परवाना होता, त्या काळातला सुरा त्याने नमुना म्हणून आणला होता. शिकार बंद होऊन जमाना लोटला, पण तो सुरा घरात बोकड सोलायला, बांबू तासायला चालतच राहिला. घासून घासून पातं बोटभर उरलं होतं. तसाच नवा पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. जुना सुरा केशवरावांच्या वडिलांच्या भट्टीतला. त्या हाताला तोड नव्हती, असं केशवराव जन्मभर सांगत आले होते.

दोरानंतर बांबू. वाळलेला बांबू गाठीवर सगळ्यात कठीण असतो. रुचिताने गाठींवर बारा घाव घातले. केशवरावांनी सुरा मागून घेतला आणि धारेवरून हळूच नख फिरवलं. मधोमध नख अडलं.

"दुमडली," ते म्हणाले.

धार तुटली नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढी जागा एका अंगाला कलली होती, इतकंच. पोलाद लाल करून तेलात बुडवायचं आणि मग बेताच्या आचेवर त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा, याला पाणी देणं म्हणतात. रुचिताने तो कडकपणा जास्त उतरवला, सुरा नरम राहिला, असं त्यांनी भैय्यालालला समजावून सांगितलं. आधीचे दोन मोडले म्हणून आपण मुद्दाम आच वाढवली होती, हे रुचिता बोलली नाही. ओढणी कमरेला खोचून ती भट्टीत कोळसा टाकू लागली.

तेव्हा भैय्यालालने सुचवलं की जुनाही एकदा त्याच बांबूवर मारून बघावा. केशवरावांना ते रुचलं नाही. बापाच्या कामाची काय परीक्षा घ्यायची? पण सुरा त्याचा होता. रुचिताने घाव घालायला सुरुवात केली आणि चौथ्या घावाला आवाज बदलला. तो तिघांनीही ऐकला.

केशवरावांनी हात पुढे केला. या धारेवर नख दोन ठिकाणी अडलं. मग सवयीने त्यांचा अंगठा मुठीजवळ गेला. तिथे पात्यावर हातोडीचा एक उथळ, तिरपा ठसा होता. डाव्या हाताने ठोकल्यावर पडतो तसा. वडील उजव्या हाताने ठोकायचे. डावखुरे होते ते केशवरावच.

सतराव्या वर्षी त्यांनी पहिला सुरा केला होता. वडिलांनी तो बांबूवर मारला, धार बघितली आणि आत नेला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर भट्टीत टाकला म्हणाले. त्यानंतर केशवरावांच्या हातून नरम सुरा कधी झाला नाही.

त्यांनी भैय्यालालला विचारलं, आज्याची या सुऱ्याबद्दल काही तक्रार होती का.

"दुमडते म्हणे," भैय्यालाल म्हणाला. "पण दुमडलेली धार दगडावर घासली का सरळ होते. मोडलेला सुरा जंगलात कोण जोडून देते, असं म्हणे आजा. पन्नास वर्षं झाली, अजून तुटला नाई."

केशवरावांनी जुना सुरा मांडीवर ठेवला. मग त्यांनी नवा सुरा व्हाइसमध्ये लावायला सांगितला. रुचिताने सगळं अंग टाकून तो ओढला. पातं कमानीसारखं वाकलं, आणि तिने हात सोडताच सरळ झालं. दुमडलेली जागा तिने नदीतल्या गुळगुळीत गोट्यावर घासली आणि दोर कापला. केशवरावांनी कान दिला. आवाज पहिल्यासारखाच होता.

भैय्यालाल नवा सुरा दुपट्ट्यात गुंडाळून खुशीत गेला. जुना दोन दिवस इथेच राहू दे, असं केशवरावांनी त्याला सांगितलं होतं.

हातपाय धुऊन रुचिता बाहेर आली, तरी तो सुरा त्यांच्या मांडीवरच होता.

"काय दुरुस्त करायचं हाय त्याचं, बाबा?"

"काई नाई. पायतो नुसता." त्यांनी अंगठ्याने तो ठसा पुन्हा चाचपला. "तुह्या आज्याचा नोहे हा. माहा हाय. पयला."

रुचिता त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ते पोत्यावर थोडे सरकले, तिला बसायला जागा झाली.

"तू पाणी कसं देल्लं याले, सांग बरं मले," ते म्हणाले.

असं त्यांनी आजवर कोणाला विचारलं नव्हतं. रुचिता बसली, आणि अगदी भंगारातल्या जीपचा पोलादी पाटा सुऱ्यासाठी कापला तिथपासून सांगू लागली.