अर्ध्यावर थांबलेल्या कॅसेटी

कॅसेट हातात आली की मामा ती प्रथम कानाजवळ नेत. नारळ पारखणारा माणूस जसा आतले पाणी ऐकतो, तशी ती किंचित हलवत, डोळे अर्धवट मिटून, जणू त्या काळ्या पेटीत कोणी हलक्या आवाजात बोलत आहे आणि ते बोलणे संपेपर्यंत थांबणे हीच सभ्यता आहे. आतल्या सैल फितीची कुरकुर त्यांना ऐकू येई. मला ऐकू येत ते बाहेरचे सायकलींचे घंटानाद आणि पेठेतल्या हमालांच्या हाका. फाल्गुनात सांगलीच्या हवेला शिजणाऱ्या हळदीचा दाट, मातकट वास असतो. त्या दिवसांत दुकानाच्या दारातून येणारे ऊन आधीच पिवळे असे, आणि त्या उन्हात मामांचा पांढरा सदरा, मागची फळी, फळीवरच्या कॅसेटींची रंग उडालेली वेष्टने, सारे एकाच वर्णात हळूहळू विरघळत जाई.

दिनकरमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडून त्यांनी कृष्णाकाठच्या या गावात व्हिडिओ लायब्ररी काढली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. साताऱ्याहून शिमग्याला आणि मे महिन्यात आजोळी येणाऱ्या मला जे दिसले, ते त्या दुकानाचे उतरते ऊन होते. त्याची भर दुपार मी केवळ ऐकली आहे: शनिवारी फळीसमोर उभे राहायलाही जागा नसे, आणि सुट्टीवर आलेले फौजी टीव्ही व प्लेअर भाड्याने नेऊन गावच्या पारासमोर मांडत, तेव्हा अख्खी आळी चटया घेऊन जमे. मी ते पाहिलेले नाही. तरीही त्या गर्दीची मला आठवण येते. न पाहिलेल्या गोष्टीची हुरहुर ही कदाचित वारशाने मिळणारी एकमेव अशी संपत्ती असावी, जिच्या वाटण्या होत नाहीत.

मामांच्या दुकानाची एक रीत होती, आणि त्या रीतीमुळे ते गावात थोडे विक्षिप्त गणले जात. इतर सर्व लायब्ऱ्यांत कॅसेट परत करताना फीत आरंभापर्यंत मागे फिरवून आणावी लागे. न आणणाऱ्याला दुकानदार चार शब्द सुनावत. मामांकडे नेमके उलटे. ‘कॅसेट जिथे थांबली तिथेच असू द्या,’ असे ते प्रत्येकाला बजावत. परत आलेली कॅसेट ते स्वतः यंत्रात घालत, पडद्यावर थरथरत उमटणारे पहिले दृश्य पाहत, मान किंचित डावीकडे कलती करून ‘हं’ म्हणत, आणि मगच ती मागे फिरवत. त्या एका हुंकारात त्यांचे सारे शास्त्र सामावलेले होते. एखाद्या घरचे लोक पडद्यावरचा म्हातारा बाप मरू लागताच थांबले असतील, तर पुढच्या वेळी मामा न विचारता त्यांच्या हाती काहीतरी हसवणारे ठेवत. त्या घरात आजारी कोण आहे, हे ते कधी विचारत नसत.

मी संख्याशास्त्र शिकले आणि आज पुण्यात जे काम करते ते, थोडक्यात सांगायचे तर, मोबाइलच्या पडद्यावर चित्रपट पाहणारी माणसे कुठे थांबतात आणि का थांबतात याचा अभ्यास करण्याचे आहे. हे मामांना प्रथम सांगितले तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

“लोक कुठं थांबले ते बघायचं? आणि त्याचा पगार देतात व्हय गं? मी तर चहा पाजून बघत होतो!”

हसण्यात दिवस गेले, आणि मग या वर्षी मामींचा फोन आला. लायब्ररी जाऊन तर किती काळ लोटला होता. त्यानंतर त्या गाळ्यात मामांनी लग्नाच्या जुन्या कॅसेटींवरून नव्या सीडीच्या तबकड्या करून दिल्या, रिचार्ज केले, झेरॉक्सचे यंत्र ठेवले. दुकानाने जितक्या तऱ्हांनी श्वास घेता येईल तितक्या तऱ्हांनी घेतला. आता गुडघे साथ देईनात. कवठे महांकाळकडचा संदीप नावाचा एक तरुण बागायतदार तिथे द्राक्षांच्या औषधांचे दुकान काढणार होता, पाडव्याचा मुहूर्त ठरला होता, आणि मामा किल्ली देत नव्हते. किल्ली मागायला आलेल्या त्या मुलाला चहा पाजून ते परत पाठवत.

“तू ये बाई,” मामी म्हणाल्या. “आमचं कोण ऐकतंय? रोज एकच घोकतायत, दुकान वाचलं असतं का. अनू शिकलीय यातलं, ती सांगेल, म्हणतात. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय किल्ली काय सुटायची नाही.”

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी सांगलीस पोहोचले, ती उत्तर बरोबर घेऊनच. विज्ञानाने मला एक सांत्वन शिकवले आहे: जे अटळ होते त्याचा दोष कोणावरही येत नाही. गाळ्यात, रिकाम्या होत चाललेल्या फळ्यांसमोर, मामांच्या पुढ्यात बसून मी ते सांत्वन नीट रचून मांडले. प्रथम केबलची तार आली आणि चित्रपट आपण होऊन घरात शिरू लागला. मग तबकड्या आल्या, इतक्या स्वस्त की भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणे सोपे. मग मोबाइल आला आणि दुकान खिशात गेले. या तिन्ही लाटा जगभर आल्या, मोठमोठ्या धनवंतांची दुकाने त्यांत बुडाली. सांगलीतल्या एका माणसाने काहीही केले असते तरी प्रवाह वळला नसता.

“म्हणजे, मामा, तुमचा यात काहीही संबंध नव्हता,” मी समाधानाने समारोप केला.

मामांनी किल्ली खिशातून काढली, तळहातावर ठेवून पाहिली, आणि पुन्हा आत टाकली. “व्हय. खरं आहे,” एवढेच म्हणून ते पाठमोरे झाले आणि आधीच पुसलेली फळी पुसू लागले. मामींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, ताटात काहीतरी वाढायचे राहिले आहे हे मला कळले. काय राहिले ते मात्र कळेना.

दुपार कलली. आम्ही उरलेल्या कॅसेटी पोत्यात भरत होतो. काहींच्या फितीवर बुरशीची पांढरी नक्षी उमटली होती, काहींना आंबूस वास येत होता. मामा एकेक हातात घेत, जुन्या सवयीने कानाशी नेत आणि मग खाली ठेवत. हातांना काम मिळाले की जिभेला वाट सापडते म्हणून असेल, ते जुन्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगू लागले.

“एक फौजीची बायको यायची, नदीपलीकडच्या वस्तीवरनं. कॅसेट न्यायची आणि निम्मी बघून परत. पुन्हा तीच न्यायची, थोडी पुढं सरकवून आणायची. असली संथ बाई मी जन्मात बघितली नाही! मग केबल आलं, मला वाटलं, आता फळी साफ केली पाहिजे. जे लोकांना आवडत नाही ते कशाला ठेवायचं? अर्ध्यावर सोडलेल्या सगळ्या कॅसेटी काढल्या, पुन्हा भरता यावं म्हणून कडेची खाच चिकटपट्टीनं बुजवली आणि त्यांच्यावर लोकांच्या लग्नांचं शूटिंग उतरवलं. तिची पण गेली त्यात. तर ही बया पुढच्या बाजारी हजर!” मामांनी कमरेवर हात ठेवून तिची नक्कल केली: “‘न्हाई म्हंता? आवं, माजं निम्मं ऱ्हायलंय की!’ मी म्हटलं, बाई, आता त्यावर लेंगरेकरांचं लग्न आहे, बघत्यास का? हसली नाही. गेली ती पुन्हा आलीच नाही.”

मामी हसल्या. मामाही हसले. मी हातातली कॅसेट खाली ठेवली.

त्या बाईला मी कधी पाहिले नव्हते, आणि तरीही ती त्या क्षणी दारात उभी राहिली: उन्हात रापलेली, पदर खोचलेली, नदी ओलांडून आलेली. घरी सासू शेतातून परतेपर्यंत जी काही वेळेची चिंधी हाती लागे तेवढ्यात ती एका कथेचा एक पदर उलगडत असेल; कधी वीज जात असेल, कधी मूल उठत असेल, कधी दारात चप्पल वाजत असेल. ती कंटाळून थांबत नव्हती. तिला थांबवले जात होते. मामांनी प्रत्येक थांबलेली फीत पाहिली, दृश्य ओळखले, आणि जिथे ती थांबली त्या दृश्यातच कारण शोधले. दृश्याशी काही संबंध नसलेले कारण पडद्याच्या अलीकडे, त्या अंधाऱ्या माजघरात, असू शकते हे त्यांना सुचले नाही. ही चूक मला ओळखीची आहे. माझ्या कामात ती रोज दबा धरून असते.

सांगावे की नाही, या प्रश्नाशी मी थोडा वेळ झुंजले. माझे पहिले उत्तर निर्दोष होते, दयाळू होते, आणि त्याने मामांना आतून विझवले होते. दुसरे उत्तर त्यांच्यावर दोष ठेवणारे होते. पण ते अधिक खरे होते.

“मामा,” मी म्हणाले, “मघाशी मी निम्मंच सांगितलं. तुमची एक चूक झाली.”

मामींनी डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगितले. मामा वळले.

“जे सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितलं तेच तुम्ही फळीवर ठेवलंत. पण सगळ्यांना आवडणारं केबलवर फुकट दिसतच होतं. त्यासाठी तुमच्याकडं कोण येणार? राहिलेलं निम्मं मात्र फक्त तुमच्याकडं होतं. ते बघायला माणसं आली असती. ती बाई आलीच होती. तुम्ही नेमकं तेच पुसलंत.”

“मग... वाचलं असतं?”

“कायमचं नाही. शेवटी मोबाइलनं गिळलंच असतं. पण आणखी काही वर्षं चाललं असतं. चांगलं चाललं असतं.”

मामा पोत्याच्या कडेवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटत गेले त्याला नाव द्यायला मला वेळ लागला, कारण मी दुःखाची वाट पाहत होते. ढगाआडून ऊन एखाद्या उसाच्या रानावर यावे आणि तुऱ्यांच्या रांगा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उजळत जाव्यात, तसे हसू त्यांच्या सुरकुत्यांतून पसरत गेले.

“म्हणजे दुकान मी बुडवलं!”

“आवं, त्यात एवढं खूश व्हायला काय झालं?” मामी कातावल्या. “बुडवलंच ना?”

“तुला नाही कळायचं. मघाशी ही म्हणाली, माझा संबंधच नव्हता. तेव्हा वाटलं, उभा जन्म मी फळीमागं बसलो आणि बसलो नसतो तरी तेच झालं असतं. आमचा थोरला दादा तरी दुसरं काय म्हणतो, कारखाना सोडून काय दिवे लावले! आता निदान कळलं की माझ्या हातात काहीतरी होतं. चुकलं. पण माझ्या हातनं चुकलं!”

माझ्या विषयाच्या कोणत्याही ग्रंथात हे लिहिलेले नाही, की अपराधापेक्षा निरर्थकता अधिक बोचते. की माणूस आपल्या आयुष्याच्या पडझडीत विजय शोधत नसतो, स्वतःचा स्पर्श शोधत असतो.

संदीप आला तेव्हा उन्हे पायरीवरून खाली उतरली होती. तो चपला बाहेर काढून, अवघडून उभा राहिला. “मामा, घाई न्हाई माजी. तुमी निवांत द्या, पाडवा काय पळून जातूय व्हय.”

“तूच पळशील गड्या, आणखी एक चहा पाजला तर,” मामा म्हणाले आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवून वरून मूठ मिटवली. मग ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाले, “एक ध्यानात ठेव. गिऱ्हाईक यायचं थांबलं, तर का थांबलं ते त्यालाच विचार. घरी जाऊन विचार. फळीमागं बसून आपल्या डोक्यानं ठरवू नको. मी ठरवलं, म्हणून तर तुला हा गाळा मिळतोय.”

“आयला,” संदीप हसला, “मग उपकारच म्हणायचं की तुमच्या चुकीचं!”

मामा त्याहून मोठ्याने हसले. नंतर आम्ही तिघे नदीच्या बाजूने घरी निघालो. मामी पुढे, पिशवी सावरत. मामा मागे, गुडघ्याला जपत, तरीही त्यांच्या चालीत काही मोकळे झाले होते. घाटाशी ते क्षणभर थांबले आणि पलीकडच्या तीरावरच्या वस्तीकडे पाहत राहिले. तिकडे चुलींचा धूर उठत होता. ती बाई कुठे असेल, तिचा फौजी परतला असेल का, ती गोष्ट तिने पुढे कुणाकडून ऐकली असेल का, की मनानेच पुरी केली असेल, हे विचारण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नव्हता.

“विचारायला पाहिजे होतं गं तिला,” मामा हलकेच म्हणाले. त्या वाक्यात खंत होती, पण तिच्याभोवती आता एक विलक्षण ऊब होती, हक्काच्या वस्तूभोवती असते तशी.

मी त्यांचा हात धरला. पाणी संथ होते आणि त्यावरचा उजेड कोणासाठीही न थांबता ओसरत होता. काळ सर्वांचेच नेतो, आणि नेताना कोणाला विचारत नाही. तरी जे गेले त्यात आपलेही एक पाऊल चुकले होते, एवढे ज्याला आठवते, त्याच्यासाठी ते गेलेले कधी परके होत नाही, ते केवळ दूर होते, पलीकडच्या तीरासारखे, आणि संध्याकाळी तिकडे पाहत उभे राहण्यापुरते त्याचे असते.