लबाड पायाचा विमा

मित्रांनो, तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही, पण माझ्या एका गुडघ्यापायी मी अख्ख्या विमा कंपनीला पाणी पाजलं आहे. मी एक जुना कुत्रा आहे. तोंडाशी पांढरा, कानांनी अर्धा बहिरा.

माझी आठवण सुरू होते ती घड्याळजी काकांच्या दुकानात. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. कामाच्या टेबलाखाली माझं पोतं. काकांच्या चिमट्यातून तिळाएवढा स्क्रू उडाला की मी आवाजावरून तो हेरून त्यावर पंजा ठेवायचो. काका म्हणायचे, "हा माझा भागीदार." बंद पडलेली घड्याळं तर माझ्या नुसत्या भुंकण्याने चालू व्हायची. बरं, सगळी नाही. दोन.

लहानपणी एकदा माझ्या मागच्या पायावर स्टूल पडलं. दोन दिवस लंगडलो. काकांच्या मुलीने, म्हणजे ताईने, मांडीवर घेऊन मला वाटीभर साय चारली. पाय बरा झाला, सायीची चव काही जिभेवरून जाईना. मग काय, मनात आलं की मी लंगडायचो! ताई बिचारी घाबरून मला डॉक्टरांकडे न्यायची आणि डॉक्टर माझ्या फाइलमध्ये काहीतरी खरडायचे.

मी पाच वर्षांचा झाल्यावर ताईने माझा विमा काढला. अर्जात विचारलं होतं, आधीचा काही आजार? ताई सरळ स्वभावाची. तिने फाइलमधली सगळी पानं जोडली. आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळणार नाही, ही अटही तिने वाचली. म्हणाली, "याला कुठे काय आजार आहे!"

तीन वर्षांनी जिन्यावरून उडी मारताना माझ्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. खरोखरचं. समोर साय ठेवली तरी मी मान वर केली नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन झालं नाही तर पाय कायमचा जाईल. तो खर्च ताईच्या आवाक्यातला नव्हता. आणि कंपनीचं पत्र आलं: पाय आधीपासून अधू, सबब क्लेम नामंजूर.

त्या संध्याकाळी ताई माझ्या पोत्यावर बसून रडली. मला बोलता येत असतं तर तेव्हाच सगळं कबूल केलं असतं.

काकांनी तक्रार केली. चौकशीला कंपनीचे एक साहेब दुकानात आले, बगलेत माझी फाइल.

"काका, डॉक्टरांनीच लिहिलंय, लंगडतो म्हणून. मी तरी काय करू?"

"त्याच्या पुढचं वाचलंत?"

"कुणाला लागतंय ते! मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेल्यासारखं अक्षर."

काकांनी घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक अक्षर सोडवत वाचू लागले. "डावा मागचा पाय लंगडतो. सूज नाही. बिस्किट दिसताच धावला." पान उलटलं. "आता उजवा लंगडतो. टेबलावरून उडी मारून पळाला." आणखी एक पान. "पुन्हा डावा. निव्वळ ढोंग. औषध नको, साय बंद करा."

"आणा बरं ते भिंग इकडे," साहेब म्हणाले. स्वतः वाचलं. मग टेबलाखाली वाकून माझ्याकडे पाहत बराच वेळ हसले. "काका, आधीपासूनचा आजार आमच्या यादीत आहे. आधीपासूनची लबाडी नाही. करून घ्या ऑपरेशन."

ताईने मला इतकं आवळलं की जीव गुदमरला.

आता काका नाहीत. घड्याळांना किल्ली ताई देते आणि मी टेबलाखाली पडून त्यांची टिकटिक ऐकतो. स्क्रू पडल्याचा आवाज मात्र आता येत नाही. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्या मुक्या जिवाचा विमा तो धडधाकट असतानाच काढा. अटी नीट वाचा. डॉक्टरांकडून स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. आणि उगाच लंगडू नका.

माझी गोष्ट वेगळी. मी दर वेळी पाय मुद्दाम बदलत होतो. म्हटलं, पुढे कधी चौकशी झालीच, तर पुरावा असावा. इतका लांबचा विचार करणारा कुत्रा तुम्हाला...

"ए थापाड्या!" काउंटरवर पहुडलेली दुकानातली म्हातारी मांजर एक डोळा उघडून म्हणाली. "मी इथेच होते तेव्हा. कुठला पाय दुखतोय हे तुझ्याच लक्षात राहायचं नाही!"